इंग्रजीतील संकेतार्थी वाक्ये : काळ आणि वक्त्याची भूमिका

एका जुन्या पत्राच्या अस्सलपणाविषयी दोन संशोधक लिहीत आहेत, अशी कल्पना करू. त्या पत्रामुळे एका तहाच्या तारखेचा प्रश्न उपस्थित झाला आहे. पहिला संशोधक लिहितो, ‘इफ धिस लेटर इज जेन्युइन, द डेट ऑफ द ट्रीटी विल हॅव टु बी चेंज्ड.’ दुसरा लिहितो, ‘इफ धिस लेटर वेअर जेन्युइन, द डेट ऑफ द ट्रीटी वुड हॅव टु बी चेंज्ड.’ दोन्ही वाक्यांतील पत्र तेच, तह तोच, आणि बोलणे ज्या काळाविषयी चालले आहे तो काळही तोच. असे असता दुसऱ्याने भूतकाळाची रूपे योजिली आहेत. त्याचा परिणाम काय झाला? पहिल्याने प्रश्न खुला ठेविला. दुसऱ्याने, आपणास हे पत्र अस्सल वाटत नाही, असा अभिप्राय सुचविला. आणि तोही पुराव्याचा एक शब्द न लिहिता.

आता असे समजा की, दुसऱ्या लेखकाच्या मनात असा कोणताही अभिप्राय नव्हता. ‘वेअर’ हे रूप अधिक भारदस्त दिसते, एवढ्याच समजुतीने त्याने ते वापरले. तरीही इंग्रजी जाणणारा वाचक ते वाक्य अभिप्राय म्हणूनच वाचील, आणि त्यात वाचकाची काही चूक असणार नाही. जो निष्कर्ष आपण काढलेलाच नाही, त्याचे उत्तरदायित्व लेखकाच्या माथी येऊन बसेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपला प्रबंध इंग्रजीत लिहावयाचा असेल, अथवा इंग्रजी साधनग्रंथ वाचून मराठीत लिहावयाचे असेल, तर संकेतार्थी वाक्यांचा विचार त्याला केवळ परीक्षेपुरता करून चालणार नाही. या वाक्यांत काळाच्या आधी वक्त्याची भूमिका पाहावी लागते, आणि ती ओळखण्याचे साधन आपल्या मराठीतच उपलब्ध आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञा प्रथम निश्चित करू. ‘इफ’ने आरंभ होणाऱ्या गौण वाक्यास ‘संकेतवाक्य’ म्हणू, आणि त्यावर अवलंबून असणाऱ्या प्रधान वाक्यास ‘फलवाक्य’ म्हणू.

प्रचलित वर्गीकरण व त्याची मर्यादा

इंग्रजी शिकविणाऱ्या पुस्तकांतून संकेतार्थी वाक्यांचे तीन प्रकार सांगण्याची पद्धत रूढ आहे. ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी पोस्टपोन्ड’ हा पहिला प्रकार. ‘इफ आय न्यू हिज ॲड्रेस, आय वुड राइट टु हिम’ हा दुसरा. ‘इफ शी हॅड कम अर्लिअर, शी वुड हॅव मेट द प्रोफेसर’ हा तिसरा. ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स’ यांसारख्या सार्वकालिक सत्य सांगणाऱ्या वाक्यांसाठी काही पुस्तके एक शून्य प्रकारही मानतात. नवशिक्या विद्यार्थ्याच्या हाती तीन-चार निर्दोष साचे देणे हा या पद्धतीचा गुण आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु साचा म्हणजे सिद्धांत नव्हे. पुढील तीन वाक्ये पाहावीत.

‘इफ ही वॉज ॲट द मीटिंग, ही हर्ड द रेझोल्यूशन.’ तो सभेत हजर असेल तर त्याने ठराव ऐकला आहे.

‘इफ यू हॅव रेड द प्रीफेस, यू नो द ऑथर्स पर्पज.’ तुम्ही प्रस्तावना वाचली असेल तर लेखकाचा हेतू तुम्हांस ठाऊक आहे.

‘इफ शी लेफ्ट ॲट नून, शी विल बी हिअर बाय फाइव्ह.’ ती दुपारी बारा वाजता निघाली असेल तर पाचापर्यंत येथे पोहोचेल.

ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, प्रचारात आहेत, आणि वरील साच्यांपैकी कोणत्याही एकात बसत नाहीत. साचे हीच मर्यादा मानणारा परीक्षक त्यांपैकी पहिल्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढून ‘हॅड बीन’ अशी दुरुस्ती करतो. त्या दुरुस्तीने वाक्य अधिक शुद्ध होत नाही. त्याचा अर्थच पालटतो. ‘तो सभेत होता की नाही हे मला माहीत नाही’ असे म्हणणाऱ्या वक्त्याच्या तोंडी ‘तो सभेत नव्हता’ असा ध्वनी घातला जातो.

हा दोष उत्पन्न होण्याचे कारण असे की, पहिला प्रकार भविष्याचा, दुसरा वर्तमानाचा आणि तिसरा भूताचा, अशी विद्यार्थ्याची समजूत होऊन बसते. काळ आणि वक्त्याची भूमिका ही दोन भिन्न तत्त्वे एकाच क्रमांकाखाली कोंबल्यामुळे हा घोटाळा होतो.

दोन प्रश्न

या दोन तत्त्वांची फारकत करणे हेच विवेचनाचे खरे सूत्र होय. कोणतेही संकेतार्थी वाक्य समोर आले असता दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला प्रश्न : वक्ता संकेताकडे खुली शक्यता म्हणून पाहतो की प्रत्यक्षापासून दूर असलेली कल्पना म्हणून? दुसरा प्रश्न : ज्या गोष्टीविषयी तो बोलतो ती भूतकाळातील, वर्तमानकाळातील की भविष्यकाळातील?

आधुनिक व्याकरणकारांनी हाच भेद मूलभूत मानला आहे. रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे तीन सहकारी यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद् व्याकरणात खुले संकेत व काल्पनिक संकेत अशी विभागणी केली आहे. रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणात खुले व दूरस्थ अशा संज्ञा आढळतात. भूतकाळाचे रूप प्रत्येक ठिकाणी भूतकाळच दाखविते असे नाही, याकडे डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ सालच्या आपल्या व्याकरणतत्त्वज्ञानविषयक ग्रंथात लक्ष वेधले होते. येथे आपण ‘खुला संकेत’ व ‘दूरस्थ संकेत’ या संज्ञा स्वीकारू.

खुल्या संकेतात क्रियापदांचे काळ आपला नेहमीचाच अर्थ दाखवितात. भूतकाळाविषयी बोलावयाचे तर भूतकाळाचे रूप, वर्तमानाविषयी बोलावयाचे तर वर्तमानाचे. म्हणूनच ‘इफ ही वॉज ॲट द मीटिंग’ हे शुद्ध आहे. विशेष लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, भविष्यातील संकेत दाखविताना संकेतवाक्यात सामान्यतः ‘विल’ येत नाही. ‘इफ इट रेन्स टुमॉरो’ असा वर्तमानाचाच प्रयोग होतो. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’ यासारख्या वाक्यात ‘विल’ दिसतो खरा, पण तेथे त्याचा अर्थ भविष्यकाळ नसून ‘थांबण्याची कृपा कराल तर’ असा इच्छावाचक आहे.

दूरस्थ संकेतात मात्र रूपे एक पायरी मागे सरकतात. वर्तमानाच्या जागी भूतकाळाचे रूप येते. ‘विल’च्या जागी त्याचेच भूतरूप ‘वुड’ येते. येथे भूतकाळाचे रूप काळाचे अंतर दाखवीत नाही, तर प्रत्यक्षापासूनचे अंतर दाखविते. हे कार्य ते केवळ ‘इफ’च्या सान्निध्यातच करते असेही नाही. ‘आय विश आय न्यू’ या वाक्यातील ‘न्यू’ आजच्याच अज्ञानाविषयी आहे. ‘इट इज टाइम वुई लेफ्ट’ यातील ‘लेफ्ट’ अजून न घडलेल्या क्रियेविषयी आहे.

मग भूतकाळातील गोष्टीविषयी दूरस्थ संकेत करावयाचा असेल तर काय करावे? भूतकाळाचे रूप तर दूरत्व दाखविण्याच्या कामी खर्ची पडले. तेव्हा भूतत्व दाखविण्याचे काम ‘हॅव’ या साहाय्यक क्रियापदाकडे सोपविले जाते. ‘हॅड कम’ या प्रयोगात ‘हॅव’मुळे क्रिया भूतकाळात जाते, आणि त्या ‘हॅव’चे ‘हॅड’ झाल्यामुळे दूरत्व प्रकट होते. ‘वुड हॅव मेट’ची घटनाही अशीच आहे : ‘वुड’मध्ये दूरत्व, ‘हॅव मेट’मध्ये भूतत्व. तथाकथित तिसरा प्रकार म्हणजे दोन सामान्य नियमांचा सरळ संयोग होय.

ही दृष्टी एकदा आली म्हणजे ज्यांना ‘मिश्र’ म्हणून बाजूला ठेविले जाते त्या वाक्यांचेही गूढ उरत नाही. ‘इफ ही हॅड स्टडीड संस्कृत इन हिज यूथ, ही वुड नॉट नीड अ ट्रान्स्लेशन नाउ.’ संकेत भूतकाळातील, फल वर्तमानातील, आणि दोन्ही दूरस्थ. प्रत्येक वाक्याने आपापला काळ स्वतंत्रपणे घेतला आहे.

‘वुड’ हे ‘विल’चे भूतरूप असणे संस्कृतज्ञ वाचकास अपरिचित वाटणार नाही. क्रिया सिद्धीस न गेल्याचा अर्थ, ज्याला पाणिनीने क्रियातिपत्ति म्हटले आहे, दाखविण्यासाठी संस्कृतात लृङ् लकार योजिला जातो. ‘भविष्यति’ या भविष्यरूपाच्या अंगास भूतकाळाचा ‘अ’ हा आगम व भूतकाळाचाच प्रत्यय लागून ‘अभविष्यत्’ हे रूप सिद्ध होते. म्हणजे भविष्याचेच भूत. भेद एवढाच की, संस्कृतात लृङ् दोन्ही वाक्यांत येतो, तर प्रमाण इंग्रजीत ‘वुड’चे हे स्थान फलवाक्यापुरते मर्यादित आहे.

‘वॉज’ आणि ‘वेअर’

प्राचीन इंग्रजीत कल्पित अर्थ दाखविण्यासाठी क्रियापदांना स्वतंत्र प्रत्यय होते. कालांतराने ते झिजून गेले. भूतरूपांपुरता विचार केल्यास त्यांचा स्पष्ट अवशेष आज एकाच ठिकाणी दिसतो : ‘बी’ या धातूचे प्रथम व तृतीय पुरुषी एकवचनातील ‘वेअर’. ‘इफ आय वेअर यू’ हा प्रयोग सर्वपरिचित आहे. बोलण्यात त्या जागी ‘वॉज’ही सर्रास ऐकू येते, औपचारिक लेखनात मात्र ‘वेअर’ पसंत केले जाते.

या पसंतीतूनच एक उलटी चूक जन्मास येते. ‘इफ’नंतर सदैव ‘वेअर’च शोभते असे मानून ‘इफ ही वेअर प्रेझेंट येस्टर्डे, ही हर्ड द रेझोल्यूशन’ असे लिहिले जाते. येथे संकेत खुला असून भूतकाळाविषयी आहे, म्हणून ‘वॉज’ हेच योग्य. ‘वेअर’ हे प्रतिष्ठेचे चिन्ह नसून दूरत्वाचे चिन्ह आहे, हे ध्यानात ठेविले म्हणजे ही चूक होणार नाही.

मराठीची वाट

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ आपण शालेय वयापासूनच शिकत आलो आहोत. परंतु मराठीचा संकेतार्थ आणि इंग्रजीची दूरस्थ रचना यांचा सांधा तीन ठिकाणी जुळत नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका त्या तीन ठिकाणीच होतात.

पहिले ठिकाण ‘-ला’ प्रत्ययाचे. ‘उद्या पाऊस पडला तर आम्ही घरीच राहू’ या वाक्यात ‘पडला’ हे भूतकाळी रूप असूनही संकेत पूर्णपणे खुला आहे. येथे ‘-ला’ क्रियेची पूर्णता दाखवितो, दूरत्व नव्हे. इंग्रजीतील भूतरूप याच ठिकाणी दूरत्व दाखविते. म्हणून ‘पडला’चे अक्षरशः ‘रेन्ड’ करून पुढे ‘वुई विल स्टे’ असे लिहिल्यास संकेत दूरस्थ व फल खुले, असे विसंगत वाक्य तयार होते.

दुसरे ठिकाण दोन्ही वाक्यांतील साम्याचे. ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ या वाक्यात दोन्हीकडे ‘असणे’चे संकेतार्थी रूप आहे. त्यावरून इंग्रजीतही दोन्हीकडे एकच रूप असावे असे वाटून ‘इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन’ असे लिहिले जाते. प्रमाण लेखनात संकेतवाक्यात ‘हॅड कम’ हवे. मराठी तराजूची दोन्ही पारडी सारखी आहेत, इंग्रजीची नाहीत.

तिसरे ठिकाण काळाचे. ‘आज माझ्याजवळ पैसे असते तर मी हे पुस्तक घेतले असते’ आणि ‘काल माझ्याजवळ पैसे असते तर मी हे पुस्तक घेतले असते’ या दोन वाक्यांत क्रियापदे अक्षरशः एकच आहेत. काळ केवळ ‘आज’ व ‘काल’ या शब्दांनी कळतो. इंग्रजीस हे चालत नाही. आजच्यासाठी ‘इफ आय हॅड द मनी टुडे, आय वुड बाय धिस बुक’; कालच्यासाठी ‘इफ आय हॅड हॅड द मनी येस्टर्डे, आय वुड हॅव बॉट धिस बुक.’ ‘हॅड हॅड’ ही द्विरुक्ती पाहून विद्यार्थी बिचकतो व एक ‘हॅड’ खोडतो. पण त्यातील पहिला दूरत्वाचा अंश वाहतो आणि दुसरा मूळ क्रियापदाचा आहे.

या तीन विसंगतींबरोबरच एक महत्त्वाची संगतीही आहे, आणि तीच आपल्या उपयोगाची आहे. मराठीत ‘असेल तर’ आणि ‘असते तर’ हा भेद कोणताही मराठी भाषक चुकत नाही. ‘हे पत्र अस्सल असेल तर’ म्हणणारा प्रश्न खुला ठेवितो. ‘हे पत्र अस्सल असते तर’ म्हणणारा ते अस्सल मानीत नाही. आरंभीच्या दोन इंग्रजी वाक्यांतील भेद नेमका हाच. तेव्हा इंग्रजीत लिहिण्यापूर्वी आपले वाक्य मनात मराठीत उभे करावे. ‘असेल’ वा ‘असला’ येत असेल तर संकेत खुला. ‘असता’, ‘असती’, ‘असते’ येत असेल तर दूरस्थ. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की, दुसरा प्रश्न काळाचा. तो इंग्रजीच्या नियमांनी सोडवावा. ‘राजाने तहावर सही केली असेल तर’ यासाठी ‘इफ द किंग साइन्ड द ट्रीटी’. ‘राजाने तहावर सही केली असती तर’ यासाठी ‘इफ द किंग हॅड साइन्ड द ट्रीटी’. भाषांतरकारानेही हीच कसोटी उलट दिशेने लावावी.

या कसोटीला भविष्यकाळात एक मर्यादा पडते. ‘उद्या पाऊस पडला तर’ यासाठी इंग्रजीत ‘इफ इट रेन्स’ आणि ‘इफ इट रेन्ड’ असे दोन्ही पर्याय संभवतात. दुसऱ्यात पावसाची शक्यता कमी मानल्याचा भाव आहे. मराठीत ‘पडलाच तर’ असा अवधारणाचा ‘च’ लावून हा भाव काही अंशी व्यक्त होतो, पण क्रियापदाचे रूप तेच राहते. येथे लेखकाने शक्यतेविषयीचे आपले मत स्वतःच तपासून रूप निवडले पाहिजे.

संशोधनातील युक्तिवाद

खुल्या व दूरस्थ संकेतांतील भेद केवळ शक्यतेच्या कमी-अधिक प्रमाणाचा नाही, तर पुष्कळदा ते दोन सर्वस्वी भिन्न युक्तिवाद असतात. अर्नेस्ट ॲडम्स यांनी १९७० साली, १९६३ मधील केनेडी यांच्या हत्येचे उदाहरण घेऊन, हे स्पष्ट केले. आपण आपल्या विषयातील जोडी घेऊ. ‘इफ दादोबा डिड नॉट राइट धिस ग्रॅमर, समबडी एल्स डिड.’ हे व्याकरण दादोबांनी लिहिले नसेल तर दुसऱ्या कोणी तरी लिहिले आहे. ग्रंथ समोर असल्यामुळे हे विधान कोणासही मान्य करावेच लागेल. ‘इफ दादोबा हॅड नॉट रिटन धिस ग्रॅमर, समबडी एल्स वुड हॅव.’ दादोबांनी ते लिहिले नसते तर दुसऱ्या कोणी तरी लिहिले असते. हे विधान मात्र त्या काळातील विद्याव्यवहाराविषयीचे एक मोठे प्रतिपादन असून त्यास स्वतंत्र पुरावा हवा. पहिल्यात कर्तृत्वाचा तर्क आहे, दुसऱ्यात इतिहासाच्या गतीविषयीचा सिद्धांत आहे. एकाचा पुरावा दुसऱ्यास लागू पडत नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दूरस्थ संकेत म्हणजे निश्चितपणे असत्य संकेत, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. ॲलन रॉस अँडरसन यांनी १९५१ साली एका छोट्या टिपणात दाखविले की, एखाद्याने सोमल घेतला असता तर जी लक्षणे दिसली असती तीच त्याच्यात आज दिसत आहेत, असे म्हणून आपण त्याने सोमल घेतल्याचाच तर्क करू शकतो. पाठचिकित्सकाला असा युक्तिवाद नित्याचा आहे. ‘इफ धिस कॉपी हॅड बीन मेड फ्रॉम दॅट मॅन्युस्क्रिप्ट, इट वुड हॅव शोन प्रिसाइजली दीज एरर्स.’ ही प्रत त्या पोथीवरून केली असती तर तिच्यात नेमक्या याच चुका आल्या असत्या. आणि त्या तर आलेल्या आहेत. येथे लेखक संकेत नाकारीत नाही. तो क्षणभर त्यापासून दूर उभा राहून त्याची परीक्षा करतो. दूरस्थ रूप असत्यता सिद्ध करीत नाही, ते केवळ अंतर सुचविते. आणि त्या अंतराचे कारण पुढच्या-मागच्या वाक्यांतून वाचकास कळावे लागते. ते कारण न देता दूरस्थ रूप वापरले, तर वाचक ते अविश्वासाचेच द्योतक मानणार.

अध्यापनाच्या दृष्टीने या सर्वांतून निघणारी सूचना साधी आहे. तीन साचे शिकविण्यास हरकत नाही. पण पदवीच्या वर्गात आल्यावर ते साचे मोडून विद्यार्थ्यास दोन प्रश्नांची सवय लावावी. परीक्षकानेही ‘इफ’नंतर भूतकाळ व फलवाक्यात ‘वुड’ नाही, एवढ्यावरून वाक्य चुकीचे ठरवू नये. वक्त्याला काय म्हणावयाचे आहे हे आधी पाहावे. आणि प्रबंधलेखकाने आपले हस्तलिखित छपाईस देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ‘इफ’पाशी थांबून स्वतःला विचारावे : येथे मला ‘असेल’ म्हणावयाचे आहे की ‘असते’? ज्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्या ठिकाणी अडचण इंग्रजीची नसून पुराव्याची आहे, असे समजावे, आणि लेखणी बाजूला ठेवून पुन्हा साधनांकडे वळावे.